डॅलस की झुरिक? बंदुका दोन्हीकडे आहेत, मग धास्ती एकाच गावाची का?

गणिताच्या_बाई (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचाच आहे, पण घरात सुटेना म्हणून इथं टाकतेय.

आमचे जावई मिहानमधल्या एका आयटी कंपनीत आहेत. कंपनीनं त्यांना तीन वर्षं बाहेर जाल का म्हणून विचारलंय आणि दोन जागा पुढे ठेवल्यात: डॅलस किंवा झुरिक. लेक आणि नात सोबत जाणार. नात पहिलीत आहे. पगाराचा हिशेब जावयांनी मांडला, घरभाड्याचा लेकीनं. आमच्या ह्यांनी मात्र जेवता जेवता जाहीर केलं, "अमेरिकेत शाळेत गोळ्या चालतात. पोरीला तिकडे न्यायचं नाही." जावई शांतपणे म्हणाले, "बाबा, स्वित्झर्लंडात तर सरकारच लोकांना घरी रायफल देतं." त्यानंतर वरणभात निवला, वाद काही निवला नाही.

मी शाळेत गणित शिकवायचे. वाद पेटला की मला आकडे लागतात. जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेनं २०१७ सालचा जगभराचा अंदाज काढलेला आहे. पोलीस आणि फौज सोडून, सामान्य माणसांकडे दर शंभर लोकांमागे किती बंदुका? अमेरिकेत १२०.५, म्हणजे पाळण्यातली बाळं धरली तरी माणसांपेक्षा बंदुका जास्त. येमेन ५२.८, कॅनडा ३४.७, फिनलंड ३२.४, स्वित्झर्लंड २७.६, पाकिस्तान २२.३. आपण ५.३, आणि त्यातल्या बहुतेक बिनपरवान्याच्या. जपान ०.३.

मग समोर सुखाचे आकडे ठेवले. २०२५ च्या वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टात फिनलंड पहिलं, तेही सलग आठव्यांदा. अमेरिका चोविसावी. जपान पन्नाशीच्या पुढे. आपण ११८ वर. ठिपके मांडून पाहिले तर एक रेघ म्हणून ओढता येईना. बंदुका जास्त तिथं सुख कमी म्हणावं तर फिनलंड आडवं येतं. बंदुका नाहीत तिथं सुख म्हणावं तर जपान आडवं येतं, आणि त्याच्या मागे आपण. शाळेत असते तर "संबंध प्रस्थापित होत नाही" असं लिहून पुढचं उदाहरण घेतलं असतं. घरात तसं चालत नाही, ह्यांना उत्तर हवंय.

तर मला हे सांगा. घराघरात बंदूक असणं आणि मनात बंदुकीची भीती असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? तिथं राहणाऱ्यांना रोजच्या जगण्यात, भाजी आणताना, पोर शाळेत सोडताना, काय जाणवतं? टीव्हीवरचं नको, दारातलं सांगा. आणि "आपला देशच बरा" असं ज्यांना लिहायचं असेल त्यांनी आधी संध्याकाळी सहा वाजता वर्धा रोडवर स्कूटी चालवून यावं, मग लिहावं.

कामठीकर (माजी सैनिक)

जय हिंद बाई. मी कामठीचा. गार्ड्समध्ये नोकरी केली, पेन्शनवर आल्यावर सदरमधल्या एका बँकेच्या दारात स्वतःची बारा बोर घेऊन उभा राहिलो. डॅलस-झुरिक मले माहीत नाही, पण बंदूक घरात ठेवून झोपणं काय असते ते माहीत आहे.

पहिली गोष्ट. आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सरकारची मेहेरबानी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि त्याच्यावरचे २०१६ चे नियम. शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये कलेक्टरकडे. कशाला पाहिजे ते लिहा. पोलीस घरी येतात, आजूबाजूला चौकशी करतात. डॉक्टरचा दाखला द्या, चालवायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला द्या, कुठं ठेवणार ते सांगा. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता येत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोनच. लग्नात आनंदानं हवेत गोळी मारली तरी दोन वर्षांपर्यंत आत. निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, जमा करा, पावती घ्या. आम्हा बँकवाल्यांना सवलत भेटते, पण ती पण अर्ज करून.

अमेरिकेत उलटं आहे. तिथं १७९१ पासून घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत हत्यार ठेवायचा हक्क लिहिलेला आहे, आणि २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की तो एकेका माणसाचा हक्क आहे, घरात स्वतःच्या रक्षणासाठी. आता गंमत पाहा. हातातून हत्यार काढून घ्यायचा आपला पहिला मोठा कायदा १८७८ चा, लॉर्ड लिटनचा, म्हणजे इंग्रजांनी आपल्यावर लादलेला. अमेरिकेची घटना लिहिली गेली ती इंग्रजांना हाकलल्यानंतर. एकीकडे राजाला रयतेच्या हातात हत्यार नको होतं, दुसरीकडे रयतेला राजाच नको होता. वाट तिथंच फुटली.

दुसरी गोष्ट, देश म्हणजे तरी काय एकच का? गृह मंत्रालयाच्या २०१६ अखेरच्या आकड्यांत एकट्या उत्तर प्रदेशात १२.७७ लाख परवाने होते. मध्य प्रदेशात भिंड-मुरैना बाजूला खांद्यावर दुनळी म्हणजे दागिना. शिवपुरी जिल्ह्यात २००८ मध्ये प्रशासनानं योजना काढली होती: नसबंदी करा, बंदुकीचा परवाना लवकर घ्या! मर्दानगी एका हातानं गेली असं वाटत असेल तर दुसऱ्या हातानं भरून देतो, असा विचार. आमच्या कंपनीत तिकडचे जवान होते, ते हे सांगून पोट धरून हसायचे, आणि सुट्टीवर गेले की परवान्याचीच चौकशी करायचे. नागपुरात कोणी लग्नाला दुनळी लटकवून आला तर पंगत उठून जाईल. इथं गुन्हेगारांकडे कट्टा, माउझर सापडतात, रोज पेपरात येते. पण चांगल्या घरात बंदूक असली तर ते लपवायची गोष्ट आहे, दाखवायची नाही.

स्वित्झर्लंडचं मी फौजी म्हणून वाचलेलं आहे. आमच्याकडे ड्युटी संपली की रायफल कोतमध्ये, म्हणजे हत्यारखान्यात जमा, नंबर तपासून, सही करून. त्यांची फौज नागरिकांची, म्हणून रायफल घरी. पण २००७ नंतर घरी ठेवायचा डबाबंद दारूगोळा परत घेतला. २०११ मध्ये जनमत घेतलं की रायफली पण सरकारी कोतमध्ये ठेवायच्या का, तर ५६ टक्के लोक नाही म्हणाले. म्हणजे रायफल त्यांना प्यारी आहे. पण ती का घरात आहे हे विचारलं तर उत्तर येते, फौजेची आहे, किंवा निशाणेबाजीला जातो. अमेरिकेत २०२३ मध्ये प्यू संस्थेनं विचारलं तेव्हा ७२ टक्के बंदूकवाले म्हणाले, स्वसंरक्षण हे मोठं कारण. आता सांगा बाई, स्वसंरक्षणाला घेतलेली बंदूक माणूस कपाटात कुलूप लावून ठेवल का उशाशी भरून ठेवल?

तर्रीपोहे

काहून टेन्शन घेऊन राहिल्या बाई. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत किती वर्षांपासून आहे, त्यानं बंदूक फक्त पोलिसाच्या कमरेला पाहिली. डॅलसला पाठवा, तिथं देसी दुकानात निदान सावजी मसाला भेटते.

गणिताच्या_बाई

एका मामेभावावरून सरासरी काढत नाहीत रे. मसाल्याचं मात्र लेकीला कळवते.

प्लेनोचा_धंतोलीकर

बाई, मी धंतोलीचा, आता डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहतो. दारातलंच सांगतो.

इथं दुकानाच्या काचेवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये लांबलचक पाटी असते, वर आकडा, ३०.०६ किंवा ३०.०७. नवीन होतो तेव्हा वाटलं दुकानाची वेळ असेल. ती टेक्ससच्या दंडसंहितेची कलमं आहेत: बंदूक लपवून आत आणायची नाही, उघडी लटकवूनही आणायची नाही. पाटी नसेल तर आणता येते. १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, गुन्ह्याची नोंद वगैरे नसेल तर, पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. ऑफिसातला एक जण दर शनिवारी रेंजवर जातो आणि मलाही बोलावतो, आपण फुटाळा तलावावर मक्याचं कणीस खायला बोलावतो तसं. माणूस अत्यंत सज्जन. बायको आजारी होती तेव्हा आम्हाला घरी जेवण आणून देणारा हाच.

रोजच्या जगण्यात भीती वाटते का? खरं सांगायचं तर नाही. भीती वाटत नाही, पण सवयी बदलतात. मी इथं हॉर्न वाजवत नाही. नागपूरचा माणूस हॉर्न वाजवत नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. सभ्यता आली असं समजू नका. पुढच्या गाडीच्या कप्प्यात काय ठेवलंय ते माहीत नसतं, एवढंच. मुलीला मैत्रिणीकडे खेळायला सोडताना विचारायचं, घरात बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का. सुरुवातीला जीभ रेटत नव्हती. आपल्याकडे कुणाच्या घरी जाताना असं विचारलं तर पुन्हा बोलावणार नाहीत. इथं समोरची बाई "हो, सेफमध्ये आहे, किल्ली नवऱ्याकडे" असं सांगते आणि पुढचा प्रश्न विचारते की मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का.

शाळेत लॉकडाउनची तालीम होते. दिवे बंद, दार बंद, मुलं कोपऱ्यात गप्प. माझी लेक घरी येऊन तक्रार करते ती भीतीची नसते, शेजारचा मुलगा हसला म्हणून सगळ्यांना परत करायला लावलं, ही असते. मला मात्र ते ऐकवत नाही. डॅलस शहराच्या शाळांनी २०२२ मध्ये सहावीपासून पुढच्या मुलांना पारदर्शक दप्तरं सक्तीची केली, उवाल्डेनंतर. उवाल्डे याच राज्यात: २४ मे २०२२ ला तिथल्या शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. आणि ६ मे २०२३ ला ॲलन गावच्या मॉलमध्ये गोळीबारात आठ जण मारले गेले. तो मॉल आमच्या घरापासून जवळ, दिवाळीची खरेदी तिथंच व्हायची. पुढचे काही महिने गेलो नाही. आता पुन्हा जातो. माणूस असाच असतो, काय करणार.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण इथं नेहमी निघतं. १९९६ मध्ये तिथं पोर्ट आर्थरला गोळीबारात ३५ माणसं मेली आणि पंतप्रधान हॉवर्ड यांनी, तेही उजव्या पक्षाचे, साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. इथं लोकांकडे ३९ कोटी आहेत. परत घ्यायच्या म्हटल्या तर कोण घेणार आणि कुठं ठेवणार?

पण नातीसाठी म्हणून विचाराल तर मला बंदुकीइतकीच गाडीची काळजी वाटते. इथं गाडीशिवाय दूधही आणता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत रस्त्यावर ४२,५१४ माणसं गेली. बाकी घर मोठं, शाळा चांगल्या, शेजारी अर्धे तेलुगू, फ्रिस्कोला हनुमानाचं मंदिर, गणपतीत ढोल. ऑगस्टचं ऊन आपल्या मे महिन्यासारखं, कूलर मात्र मिळत नाही. आरोग्य विम्याचे कागद जावयांना नीट वाचायला सांगा, मला ते समजायलाच एक वर्ष लागलं.

गणिताच्या_बाई

धंतोलीकर, हॉर्नचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, मग तिथं गाडी चालते कशी?

मी पुढचे आकडे काढले. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीनं ४८,८३० मृत्यू. त्यात खून २०,९५८. आणि आत्महत्या २६,३२८! मला वाटत होतं खूनच जास्त असतील. उरलेले दीड हजार अपघात, पोलीस कारवाई वगैरे. स्वित्झर्लंडात सगळ्या हत्यारांचे, चाकूसुद्धा धरून, खून वर्षाला पन्नासच्या आसपास, आणि लोकसंख्या नव्वद लाख. लाखामागे काढलं तर अमेरिकेत नुसते बंदुकीचे खून सहाच्या वर, तिकडे सगळे मिळून अर्धा-पाऊण. म्हणजे स्वित्झर्लंडच्या मानानं अमेरिकेत माणशी बंदुका साडेचार पटही नाहीत, खून मात्र अकरा पट. तेव्हा कामठीकर भाऊ म्हणतात त्यात तथ्य आहे, बंदूक कशासाठी घेतली यानं गुणोत्तर बदलतं.

पण आत्महत्येचं मला कळत नाही. ती बंदुकीच्या नावावर का मांडायची? ज्याला जायचंच आहे तो बंदूक नसली तर दुसरं काही करेल ना? यात देशाच्या बंदुकीच्या धोरणाचा काय संबंध?

जाता जाता, कामठीकर भाऊ, तुमचं वाचून आठवलं. काटोलला माझ्या माहेरी काकांची बारा बोर आहे. रानडुकरांसाठी घेतली होती, मोसंबी आणि संत्र्याची झाडं उकरून टाकतात म्हणून. काका गेले, आता बगीचा भाऊ बघतो. बंदूक कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेली असते. तिला कुणी हातही लावत नाही.

सिस्टर_रात्रपाळी

बाई, "ज्याला जायचं तो जातोच" हे वाक्य मी कॅज्युअल्टीच्या दारात इतक्या नातेवाइकांकडून ऐकलंय की आता राग येत नाही. मी परिचारिका आहे, नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यात. यवतमाळ, वर्धा, काटोल, सावनेर, सगळीकडून पेशंट येतात. फवारणीचं औषध घेतलेले.

यातले जे वाचतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी काय विचारतात माहीत आहे? बैलाला पाणी कुणी पाजलं. पोराची फी भरायची तारीख कधी आहे. ज्याला खरंच जायचं होतं तो माणूस हे विचारत नाही. भांडण झालं, सावकाराचा माणूस येऊन गेला, कापूस भिजला, आणि त्या घटकेला हाताशी काय होतं त्यावर सगळं ठरलं. जगभरचा अभ्यासही हेच सांगतो, एकदा वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येनं जात नाहीत.

श्रीलंकेचं बघा. १९९५ च्या सुमारास तिथं आत्महत्येचं प्रमाण जगात अगदी वरच्या देशांत होतं, मुख्यतः शेतीच्या विषांमुळे. त्यांनी सगळ्यात घातक विषं एकेक करून बंद केली. पुढच्या वीस वर्षांत प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरलं. कर्ज संपलं नव्हतं, दारू संपली नव्हती, नवरा-बायकोची भांडणं तर नाहीच नाही. फक्त हाताशी असलेली वस्तू बदलली.

बंदुकीचंही तेच. इस्रायलच्या फौजेनं २००६ मध्ये ठरवलं की सुट्टीच्या दिवशी जवानांनी रायफल घरी न्यायची नाही. जवानांच्या आत्महत्या चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. आणि तुमचं स्वित्झर्लंड: २००३ मध्ये त्यांनी फौज निम्मी केली, तेवढ्या रायफली घरांतून गेल्या. नंतरच्या अभ्यासात १८ ते ४३ वयाच्या पुरुषांच्या आत्महत्या घटलेल्या दिसल्या, आणि बहुतेकांनी दुसरा मार्ग धरलेला नव्हता. म्हणजे स्विस लोक शिस्तीचे, त्यांच्या घरात बंदूक म्हणजे काही नाही, असं कामठीकर भाऊंच्या उत्तरावरून वाटेल, तर तेवढं खरं नाही. खून तिथं कमी आहेत. पण बंदुकीनं जे मरतात त्यातले बहुतेक तिथं स्वतःच्याच हातानं जातात.

विष घेतलेला माणूस आमच्यापर्यंत पोचतो तरी. रस्ता खराब असतो, गाडी उशिरा मिळते, तरी कितीतरी वाचवता येतात. गोळीनं तेवढा वेळ मिळत नाही.

नातीबद्दल: अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक झालंय, गाडीच्याही वर. पण शाळेतल्या गोळीबारात जाणारी त्यातली फार थोडी. जास्त करून घरं, गल्ल्या, आणि मोठी मुलं. म्हणून धंतोलीकरांचा तो "कुलपात आहे का" हा प्रश्न दप्तराच्या पारदर्शकपणापेक्षा जास्त कामाचा. इथं आपणही विचारायला हवा, फवारणीच्या डब्याबद्दल. आमच्या गावाकडे तो खाटेखाली असतो.

प्लेनोचा_धंतोलीकर

सिस्टर, बरोबर. गाडीची काळजी बंदुकीइतकीच असं मी लिहिलं ते माझ्या वयाच्या माणसाचं झालं, मुलांचा आकडा वेगळा आहे.

आल्प्सकाठी

मी विंटरथूरला राहते, झुरिकपासून लोकलनं पंचवीस मिनिटं. माहेर लक्ष्मीनगर.

रविवारी संध्याकाळच्या गाडीत पोरगेलसे सैनिक पाठीवर बॅग आणि रायफल घेऊन छावणीकडे परत जात असतात. समोरच्या सीटवर म्हातारी विणकाम करत असते. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला आणि डब्यातल्या इतर कुणीही मान वर केली नाही. सप्टेंबरात झुरिकमध्ये क्नाबेनशीसेन नावाची नेमबाजीची जत्रा भरते, १३ ते १७ वयाची मुलंमुली फौजेच्या रायफलनं निशाण लावतात, खाली पाळणे आणि खाऊची दुकानं. सोमवारी दुपारी शहराला सुट्टी. बहुतेक बंदुका विकत घ्यायला कँटनचा, म्हणजे इथल्या राज्याचा, परवाना लागतो. बंदूक अंगावर बाळगून फिरायचं तर वेगळी परीक्षा आणि सबळ कारण, ते सामान्य माणसाला मिळत नाही. इथं काहीच घडलं नाही असंही नाही. २००१ मध्ये त्सूग कँटनच्या विधानसभेत एकानं १४ जण मारले. आणि २०१९ मध्ये युरोपचे कडक नियम घ्यायचे का यावर मतदान झालं तेव्हा ६४ टक्के लोक हो म्हणाले.

सहा वर्षांचं मूल इथं एकटं चालत शाळेत जातं. बालवाडीतल्या मुलांच्या गळ्यात चमकणारा त्रिकोणी पट्टा असतो, गाड्या थांबतात. मला हे सगळ्यात मोठं सुख वाटतं. बंदुकीपेक्षा याचा विचार जास्त करा.

आता दुसरी बाजू, कारण ती कुणी सांगत नाही. बऱ्याच शाळांत मूल दुपारी बारा वाजता जेवायला घरी येतं आणि दीडला परत जातं. तुमच्या लेकीला नोकरी करायची असेल तर दुपारच्या सांभाळण्याचे पैसे भरावे लागतील आणि ते झुरिकमध्ये अंगावर येतात. शाळा जर्मनमध्ये, मैदानावर स्विस जर्मन, त्यामुळे नात पहिले काही महिने गप्प राहील. विमा सक्तीचा, दर महिन्याला माणशी वेगळा, आणि ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तरी तुमचाच. रविवारी दुकानं बंद. कपडे धुवायची खोली इमारतीत सामाईक, आपला वार ठरलेला, त्या दिवशी पाहुणे आले तरी कपडे धुवायचेच. शेजारी वाईट नसतात, पण चहाला बोलवायला वर्ष घेतात. डॅलसला जसे तेलुगू शेजारी भेटतील तसं इथं नाही. माझी आई म्हणते, तुमच्याकडे सगळं सुरक्षित आहे, बोलायला कुणी नाही.

कामठीकर

सिस्टर, इस्रायलचं वाचलं. फौजेत आम्ही कोतला इतकं का जपतो ते हत्यार चोरीला जाऊ नये म्हणून, असंच आम्हाला शिकवलं होतं. दुसरं कारण कोणी बोलत नव्हतं, पण कंपनी सुभेदाराला ठाऊक असायचं. घरून वाईट चिठ्ठी आली की त्या पोराला चार दिवस गार्ड ड्युटीवर लावायचा नाही, लंगरमध्ये लावायचा.

बाई, पण मले तुमच्या काटोलच्या बंदुकीपायी झोप लागत नाही. काका जाऊन किती झाले? परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की परवाना संपला. आता ती बंदूक बिनपरवान्याची, आणि ज्याच्या घरात सापडल त्याच्यावर गुन्हा. तुम्ही वर लिहिलं ना, आपल्या ५.३ मधल्या बहुतेक बिनपरवान्याच्या, त्यात ही एक धरा. कोणी हात लावत नाही म्हणता, पण घरात पोरं आहेत का? काडतुसं कुठं आहेत?

गणिताच्या_बाई

भावाला फोन केला. काकांना जाऊन तीन वर्षं झाली. भावाची मुलं आठवी-नववीत. काडतुसं काकूंच्या ट्रंकेत, किती ते कुणी मोजलेलं नाही. भाऊ म्हणतो, ठाण्यात घेऊन गेलो तर मलाच बसवून ठेवतील. काय करायचं? आणि काटोल म्हणजे पोलीस आयुक्त की कलेक्टर?

कामठीकर

काटोल ग्रामीण आहे, परवान्याचं काम कलेक्टर ऑफिसचं. जमा मात्र काटोल ठाण्यात करायची, उशीर न करता. भावाला सांगा, बंदूक घेऊन मोटरसायकलवर निघू नका. आधी ठाण्यात नुसते जा, काकांच्या मृत्यूचा दाखला आणि जुना परवाना दाखवा, ठाणेदारांना लेखी द्या की वारसाकडे हत्यार आहे, जमा करायचं आहे. एखाद्या वकिलाला सोबत न्या, भीती असल तर. ते सांगतील तसं आणून द्या. जमा करताना बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या पावतीवर लिहून घ्या, ठाण्याचा शिक्का पाहिजे. रानडुकरांसाठी पुढे ठेवायची असल तर भावानं वारस म्हणून नवीन अर्ज करावा, बाकी वारसांचं ना-हरकत लागल, त्यात काकू पण आल्या. नको असल तर परवानाधारक शस्त्र दुकानदाराला विकता येते, तो कागद करून देते.

आणि तोवर ट्रंकेची किल्ली काकूंनी कमरेला लावावी. चादर सोडून नळी भरलेली आहे का ते पाहायला पोरांना तर नाहीच, भावाला पण सांगू नका. जुनी दुनळी असल तर घोडा कोणत्या अवस्थेत आहे सांगता येत नाही. मी पुढच्या रविवारी काटोलला जाऊन राहिलो, साळ्याकडे. म्हणाल तर भावासोबत ठाण्यात येतो.